गाठ म्हणजे प्लस

रेडा आमच्या दुकानात आला तो बुधवारी सकाळी, दोन हमाल आणि एक आत्या यांच्यासह. हमाल घामाघूम झाले होते आणि आत्या मागून सूचना करत होती. "डावीकडनं घ्या! अरे, तुझ्या डावीकडनं नाही, माझ्या!" दाराच्या चौकटीचा एक टवका उडाला, खोकं आत आलं, आणि सगळ्यात जास्त दमल्यासारखी आत्याच स्टुलावर बसली.

रेडा म्हणजे आत्याचा जुना बेस ॲम्प्लिफायर. एकच काळी पेटी, माझ्या कमरेच्या वर जाणारी. वरच्या भागात आवाज वाढवणारं यंत्र, खालच्या भागात ताटाएवढे दोन स्पीकर. बेस गिटारचे जाड, खालचे सूर त्यातून बाहेर पडायचे. नाव बाबांनी ठेवलेलं, वजनामुळे आणि आवाजामुळे.

मी स्पीकर दुरुस्त करते. घराची पुढची खोली हेच दुकान. आधी बाबा करायचे. आता ते ब्याऐंशीचे आहेत आणि खिडकीपाशी खुर्ची टाकून माझ्या कामावर देखरेख करतात. कानाला यंत्र आहे. बोलणं आवडलं नाही की ते यंत्र बंद करतात, आणि आपण मूर्खासारखे ओठ हलवत राहतो. मला फार लवकर राग येतो असं गिऱ्हाईक म्हणतात. ते खोटं आहे. मला राग आलेलाच असतो, फक्त काही जणांना तो लवकर दिसतो.

"शनिवारपर्यंत नीट करून दे," आत्या म्हणाली. "एक बाजू नुसती फरफरली आणि गप्पच झाली."

"शनिवारी काय आहे?"

"आम्ही वाजवायचो त्या हॉलला साठ वर्षं झाली म्हणे. आमच्या बँडला बोलावलंय. जे उरलेत ते वाजवणार. ड्रमवाल्याचे तीन फोन आले."

मी हातातला पाना खाली ठेवला. आत्याला शेवटचं वाजवताना पाहिलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. "तू वाजवणार?"

"छे! मी कशाला? खोकं जाईल, गिटार जाईल." सोबत आणलेली बेस गिटार तिनं स्वतः शिवलेल्या खोळीत होती, ती तिनं भिंतीला टेकवली. "ड्रमवाल्याची सून वाजवते बेस. ती वाजवेल. मला काय, माझ्या हाताला जोर नाही."

शेवटचं वाक्य तिनं माझ्याकडे बघून म्हटलं नाही. ते खिडकीकडे बघून आणि चांगलं खणखणीत म्हटलं. बाबांचा हात कानाकडे गेला आणि यंत्र बंद झालं.

हे प्रकरण बेचाळीस वर्षं जुनं आहे. आत्या तेव्हा एकोणतीसची होती. आठवडाभर कपडे शिवायची आणि शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये बेस वाजवायची. तालमीला मी जायचे आणि रेड्याला पाठ टेकून जमिनीवर बसायचे. तो आवाज कानातून आत यायचाच नाही, बरगड्यांतून यायचा. मग एकदा एक स्पीकर जळला. बाबांनी कुठून तरी दुसरा आणून बसवला. त्यानंतरच्या पहिल्याच कार्यक्रमाहून आत्या तणतणत दुकानात आली. "दादा, आवाजच येत नाही! कुठलं भंगार बसवलंस?" बाबा म्हणाले, स्पीकरला काही झालेलं नाही. आत्या म्हणाली, उघडून बघ. बाबा म्हणाले, "मी एकदा बंद केलेलं खोकं परत उघडत नाही. स्पीकर उत्तम आहे. तुझ्या हाताला जोर नाही."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं, कारण मी टेबलाखाली बसून गृहपाठ करत होते.

त्यानंतर तिनं तीन कार्यक्रम केले. बँडमधलं कुणी तिला टोचून बोललं नाही. गायक तर तिच्याकडे बघून फार गोड हसायचा, आणि तेच तिला सहन झालं नाही. चौथ्या कार्यक्रमाला ती गेली नाही. रेडा तिच्या शिवणाच्या खोलीत गेला, त्याच्यावर कापडांचे गठ्ठे आले आणि गठ्ठ्यांवर इस्त्री आली. बहीणभावाचं बोलणं काही थांबलं नाही. ती त्यांचे शर्ट शिवते, ते तिच्या शिलाई मशीनची मोटर दुरुस्त करतात. पण या एका विषयावर अळीमिळी गुपचिळी.

आता रेडा माझ्या टेबलासमोर होता. म्हटलं, या वेळी सोक्षमोक्ष लावायचाच. दोघांपैकी एक चूक असणार. खरं सांगायचं तर माझा संशय बाबांवर होता.

मागची फळी उघडली. आतून आधी तीन बटणं निघाली, मग खडूचा तुकडा, मग एक अंगुस्तान.

"अगं बाई, हे इथं होतं होय!" आत्यानं ते उचलून लगेच बोटात घातलं. "मी कामवालीवर आळ घेतला होता."

दोन्ही स्पीकर बाहेर काढले. वायरी यंत्राच्या ज्या स्क्रूंना होत्या त्यांवर चिकटपट्टीचे तुकडे लावून नंबर टाकले, म्हणजे परत लावताना जिथल्या तिथं. डावा स्पीकर मळका पण धड होता. उजव्याचा कागद वीतभर फाटला होता, आणि कॉइलकडे जाणारी विणलेली बारीक तार तुटली होती. दोघांवरची लेबलं कधीच गळून पडलेली, मागे नुसते वाळलेल्या गोंदाचे डाग उरले होते.

"बाबा, यातला तुम्ही बसवलेला कुठला?"

बाबांनी खिडकीबाहेर बघितलं.

बाजारातल्या एका मोठ्या दुकानदाराला फोन केला, म्हटलं जुना माल ओळखण्यात तो वाकबगार आहे. तो म्हणाला, "ताई, कशाला त्रास घेता? दोन्ही टाका, नवे बसवा." मी त्याला जे म्हटलं ते इथं लिहीत नाही. आत्यानं मात्र ते ऐकलं आणि तिला बरं वाटलं.

लेबल गेलं तरी स्पीकर आपली ओळख अंगावर वागवत असतो. त्याच्या लोखंडी कडेवर कारखान्यात आकडे ठोकलेले असतात. पहिले तीन आकडे कारखान्याचे, पुढचे दोन सालाचे, शेवटचे दोन त्या सालातल्या आठवड्याचे. दात घासायचा जुना ब्रश घेतला, रॉकेलमध्ये बुडवला आणि डाव्याची कड घासायला लागले. पन्नास वर्षांचा मळ निघायला वेळ लागतो. आकडे वर आले. एकाहत्तर साल, चौतिसावा आठवडा.

मग उजवा. तिथं आकड्यांवर कुणीतरी रंगाचा थेंब सांडला होता, तो ब्लेडनं खरवडला. कारखान्याचे तीन आकडे तेच. साल एकाहत्तर. आठवडा छत्तिसावा.

मी परत पुसून परत वाचलं. चुंबक मोजले, दोन्ही सारखे. मीटर लावला. डाव्यानं साडेसहा दाखवले. उजव्याला तुटलेल्या तारेच्या पलीकडे, कॉइलपाशी टोक टेकवलं, तिथंही साडेसहा. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर एवढेच दाखवतो, म्हणजे दोन्ही आठचे, दोन्हींच्या कॉइल जिवंत. एकाच कारखान्यात दोन आठवड्यांच्या अंतरानं जन्मलेली भावंडं.

"भंगार नाहीये, आत्या," मी म्हटलं. "बाबांनी बसवलेला कुठलाही असो, तो अगदी जोडीचा आहे. याहून चांगला मिळालाच नसता."

कानातलं यंत्र केव्हा चालू झालं कोण जाणे. बाबा खुर्चीतून उठले. काठी न घेता उठले. "सतरा दुकानं पालथी घातली होती मी!" ते म्हणाले. "सतरा! शेवटी एका बंद पडलेल्या थिएटरातून काढून आणला. जोडीचाच पाहिजे म्हणून. आणि म्हणे भंगार!"

हे आम्ही दोघी पहिल्यांदाच ऐकत होतो. बाबा जिंकले होते आणि त्यांना ते नीट साजरं करायचं होतं. त्यांनी आत्याकडे वळून बघितलं. आत्या स्वतःच्या बोटांकडे बघत होती. अंगुस्तान काढून तिनं पर्समध्ये टाकलं.

"म्हणजे हातच," ती म्हणाली. "बरं झालं. एकदाचं कळलं."

एवढं बोलून ती गेली. हमालांना शनिवारी दुपारी यायला सांगितलंय म्हणाली, चहासाठी थांबली नाही. बाबांचा चहा टेबलावर तसाच गार झाला. मी एवढी वर्षं कुणीतरी खरं ठरावं म्हणून वाट बघत होते. ते ठरलं, आणि मी रडायच्या बेतात होते.

गुरुवारी मी फाटलेला कागद जोडला. याला घाई चालत नाही. पतंगाचा पातळ कागद हातानं फाडायचा, कात्रीनं कापायचा नाही, कारण फाटलेली कड जास्त चांगली चिकटते. पांढरा गोंद पाण्यात पातळ करायचा. आधी मागून पट्टी, ती वाळली की पुढून. बाबांनी खुर्ची ओढून माझ्याशेजारी आणली होती. एरवी ते मला दर दोन मिनिटांनी चूक दाखवतात. त्या दिवशी त्यांनी एकही दाखवली नाही, आणि माझ्या दोन तरी झाल्या होत्या.

"तिला वाईट वाटलं का गं?" त्यांनी संध्याकाळी विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी यंत्र मात्र बंद केलं नाही.

शुक्रवारी सकाळी नवी तार झाळली. मग दोन्ही हातांची बोटं कागदावर सारखी टेकवून तो हळूच आत दाबला आणि सोडला. कॉइल कुठं घासत असेल तर खर्र आवाज येतो. आला नाही. कान लावून परत बघितलं, नाहीच आला. मी इतकी खूश झाले की शेजारच्या घड्याळवाल्याला उगाचच हाक मारून चहा दिला.

दुपारी आत्या आली. काखेत कापडाची गुंडाळी होती, तोंड अजून थोडं उतरलेलं.

"पुढचं कापड जीर्ण झालंय," ती म्हणाली. "परक्या पोरीच्या हाती द्यायचं तर निदान तोंड तरी नीट असावं. स्पीकर काढलेत तोवर ताणून घेते."

स्पीकर ज्या फळीवर बसतात तिच्यावरच ते जाळीचं कापड असतं. आत्यानं जुनं उसवलं, नवं ताणलं, तोंडात टाचण्या धरून कडेकडेनं टाके घालत गेली. तिचा हात चालताना बघत राहावंसं वाटतं. अर्ध्या तासात रेडा नवरदेव झाला. मी स्पीकर बसवले, चिकटपट्टीवरचे नंबर बघून वायरी होत्या तशा लावायला घेतल्या. आत्या एका कोपऱ्यातली चुणी काढत बसली.

आमच्याकडे शेवटची परीक्षा सेलनं होते. साधा टॉर्चचा सेल घ्यायचा आणि स्पीकरकडे जाणाऱ्या दोन वायरींना क्षणभर टेकवायचा. प्लसला प्लस लागलं की कागद टप करून पुढं येतो. दोन स्पीकर असले तर दोन्ही एकदमच पुढं यायला हवेत.

मी सेल टेकवला. डावा पुढं आला. उजवा मागं गेला.

परत टेकवला. डावा पुढं, उजवा मागं.

मला वाटलं, मीच तार झाळताना घोळ केला. तपासलं, तसं काही नव्हतं. उजव्या स्पीकरची काळी वायर प्लसवर होती आणि लाल मायनसवर, आणि ते झाळल्याचे डाग माझे नव्हतेच. ते जुने, गोल, बाबांच्या हातचे होते. डाव्यावर लाल प्लसवर होती. एकाच पेटीत एक असा आणि एक तसा.

आता आमच्या दुकानाची एक रीत सांगायला हवी. जगात लाल वायर म्हणजे प्लस. आमच्या दुकानात गाठ म्हणजे प्लस. वायर कुठल्या का रंगाची असेना, प्लसच्या वायरीला टोकाजवळ एक गाठ मारायची. मी सहा वर्षांची असल्यापासून हेच शिकलेय. बुधवारी वायरी सोडताना गाठी दिसल्या नाहीत हे मला तिथंच खटकायला हवं होतं. पण मी कोण चूक, कोण बरोबर या नादात होते, हातातल्या वायरीकडे माझं लक्षच नव्हतं.

"बाबा, गाठ कुठंय?"

"काय?"

"गाठ! प्लसची गाठ! तुम्ही मारली नव्हती?"

"म्हणजे काय! दोन्हीकडं मारली होती." बाबा चिडले. "आयुष्यात गाठीशिवाय वायर सोडली नाही मी."

"मग गेली कुठं? उंदरांनी सोडली?"

आत्याचे हात थांबले होते. तिनं तोंडातल्या टाचण्या एक-एक करून काढल्या आणि मनगटावरच्या उशीत खोचल्या. चार होत्या. मला त्या चाळीस वाटल्या.

"त्या गाठी?" ती म्हणाली. "त्या मी सोडल्या."

बाबांनी कानातलं यंत्र दाबून नीट बसवलं.

"रेडा दादाकडून घरी आला ना, त्याच रविवारी," ती सांगायला लागली. "पुढं कार्यक्रम होता. कापड कळकट झालेलं. म्हटलं नवा स्पीकर आलाय, नवं कापडही घालू. स्पीकर काढले, तर वायरींना गाठी. मला वाटलं, झाला दादाचा गबाळेपणा. गाठ दिसली की माझा हात राहतो का? सोडल्या. वायरी सरळ केल्या. आणि लावताना अगदी व्यवस्थित रंगाला रंग जुळवून लावल्या. लालशेजारी लाल, काळ्याशेजारी काळी." तिनं माझ्याकडे बघितलं. "बरोबरच लावल्या ना?"

"जगातल्या कुठल्याही दुकानात बरोबर," मी म्हटलं. "फक्त आमच्या सोडून."

"पण लाल म्हणजे प्लस ना? मग दादानं एकीकडं लाल आणि एकीकडं काळी का लावली?"

मला उत्तर माहीत होतं. आईलाही माहीत होतं, ती गेली तेव्हा सोबत घेऊन गेली. तिसऱ्या कुणाला सांगायचं नाही असा सक्त हुकूम होता, आणि बाबांनी साठ वर्षं कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. मी बाबांकडे बघितलं.

बाबा काठी टेकत टेबलापाशी आले. त्यांनी दोन्ही वायरी हातात घेतल्या, उजेडाकडे धरल्या.

"चिमे, मला या दोन्ही सारख्याच दिसतात," ते आत्याला म्हणाले. "लाल आणि काळं. हिरवं आणि तपकिरी पण. लहानपणापासून."

आत्याचं तोंड उघडं राहिलं. ती शिंपीण आहे. रंगाच्या एका छटेसाठी गिऱ्हाइकाला तीनदा परत पाठवणारी बाई.

"म्हणजे तो तपकिरी शर्ट…"

"तू हिरवा शिवलास असं मी सगळ्यांना सांगत होतो."

"मला वाटलं तू माझी थट्टा करतोस! वर्षभर फुगून होते मी त्या शर्टावरून!" आत्याचा आवाज चढला. "का नाही सांगितलंस?"

"रंग न कळणाऱ्या मेकॅनिककडं रेडिओ कोण देईल?" बाबांनी वायरी खाली ठेवल्या. "आणि तू… तुला वाटायचं, दादाला सगळं कळतं. ते मला बरं वाटायचं."

मी मध्ये पडले, नाहीतर खरी गोष्ट राहूनच गेली असती. "आत्या, ऐक. दोन्ही स्पीकर चांगले होते. पण तू वाजवलंस की एक हवा पुढं ढकलायचा आणि दुसरा त्याच वेळी ती मागं ओढायचा. खालचे सूर दोघांच्या मध्येच नाहीसे व्हायचे. तू कितीही जोर लावला असतास तरी ते बाहेर आले नसते. हाताला काही झालेलं नव्हतं. कधीच नव्हतं."

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं आपला उजवा हात वर धरून उलटासुलटा बघितला, जणू कुणी उसना नेलेला परत आणून दिला होता.

"उघडून बघायला हवं होतं मी," बाबा म्हणाले. "तू सांगत होतीस. पाच मिनिटांचं काम होतं. खोकं उघडलं नाही, आणि वर तुला म्हणालो, हाताला जोर नाही. चुकलो चिमे. फार चुकलो."

बाबांना 'चुकलो' म्हणताना मी चोपन्न वर्षांत ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा मला रागही आला.

आत्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती. आधी आवाज न करता, मग खो खो, मग टेबलाला धरून. "मीच!" ती म्हणत होती. "माझ्याच हातानं! हात दाखवून अवलक्षण! तू सतरा दुकानं हिंडलास, आणि मी रविवारच्या दुपारी बसून… नीट… रंग जुळवून…" तिला पुढं बोलता येईना. बाबाही हसायला लागले, त्यांचं कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं, आणि शेजारचा घड्याळवाला डोकावून म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, बेचाळीस वर्षांपूर्वी एक गाठ सुटली." तो शहाणा माणूस आहे, गेला.

"आण इकडं त्या वायरी," शेवटी डोळे पुसत आत्या म्हणाली. मी सेल लावून प्लस कुठली ते दाखवत गेले. तिनं दोन्ही वायरींना स्वतः गाठी मारल्या, आणि वरून मेणाच्या दोऱ्यानं आवळल्या. "आता सोडून दाखवा कुणी."

गाठीशेजारी गाठ लावली. सेल टेकवला. दोन्ही कागद एकदम टप करून पुढं आले.

गिटार खोळीतून निघाली. तारा जुन्या होत्या, पण जाड तार सहजासहजी मरत नाही. जुन्या रेडिओसारखे रेड्याच्या यंत्रातही काचेचे बल्ब आहेत, ते तापायला मिनिटभर लागतं. मग आत्यानं सगळ्यात जाड तारेवर बोट ठेवलं आणि छेडली.

फळीवरच्या स्क्रूंच्या बरण्या थरथरल्या. खिडकीची काच वाजली. गार चहाच्या कपात वर्तुळं उठली. तो आवाज माझ्या बरगड्यांत शिरला आणि मी पुन्हा बारा वर्षांची झाले. बेचाळीस वर्षं कात्री चालवलेला हात होता तो. त्याच्यात जोर नाही असं म्हणणाऱ्यानं तो एकदा धरून बघावा.

बाबांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. मग ते रेड्याला दोन्ही तळहात टेकवून उभे राहिले. "वाजव," ते म्हणाले. "ऐकू येतंय."

ती तासभर वाजवत होती. बोटं अडखळली की शिव्या घालायची, परत वाजवायची. घड्याळवाला पुन्हा आला, या वेळी तक्रार घेऊन. भिंतीवरची त्याची तीन लंबकाची घड्याळं बंद पडली होती. आत्यानं त्याची मनापासून माफी मागितली आणि तिचा चेहरा असा उजळला की त्याला तक्रार आवरती घ्यावी लागली. मग तिनं ड्रमवाल्याला फोन लावला. "खोकं पाठवत नाहीये," ती म्हणाली. पलीकडून आरडाओरडा ऐकू आला. "अरे, ऐक तर! पाठवत नाहीये, घेऊन येतेय. सुनेला सांग, दोन गाणी तिची. बाकीची माझी."

शनिवारी संध्याकाळी हॉल भरला होता. म्हातारी माणसं, त्यांची मुलं, मुलांची मुलं. बँडमधले चार जण उरले होते. गायकाचे केस गेले होते, पण हसणं तसंच गोड होतं. बाबा पहिल्या रांगेत, रेड्याच्या बरोबर समोर बसले होते, अंगात तो तपकिरी शर्ट. मी त्यांच्याशेजारी.

पहिलं गाणं सुरू झालं. आत्यानं बेस छेडला आणि खुर्च्यांचे पाय थरथरले. मागच्या रांगेतली पोरं उभी राहिली. गायकानं पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली, आणि मग त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येईना. गात-गातच तो आत्याकडे वळला, तळहात खाली करून दोनदा हलवला. जरा कमी कर.

आत्या थबकली. मी तिचा चेहरा बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणीतरी आवाज कमी करायला सांगत होतं. हसू तिच्या ओठांवर आलं, तिथं मावेना, मग सगळ्या चेहऱ्यावर पसरलं. भल्या बाईसारखी ती बटणाकडे हात न्यायला लागली.

बाबांनी यंत्र खिशात ठेवलं होतं, गाण्यातलं काही ऐकू येत नव्हतं, पण तो हलणारा तळहात त्यांनी बघितला होता. ते काठीशिवाय उभे राहिले, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असे ओरडले.

"कमी करायचा नाही! चिमे, वाढव!"

आणि माझ्या आत्यानं आपल्या दादाचं ऐकलं.